मिनिटांची वही

माझ्या कपाटात धाकटीच्या शाळेच्या दाखल्यांखाली एक शंभर पानी वही आहे. पानं पट्टीनं आखलेली, चार रकाने: तारीख, वेळ, मिनिटे, शेरा. सुरुवात जानेवारी २००९ ची. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'गुलाबी नाही', 'किंचित गुलाबी, संध्याकाळी गेली', 'खाज नाही'. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे हजेरीपटासारखी नेटकी वही ठेवणं मला जमतं. ९ मे च्या ओळीत मिनिटांच्या रकान्यात ८ आहे आणि शेऱ्याचा रकाना कोरा आहे. तो आठ खोटा आहे. मी तो दुसऱ्या दिवशी बसून लिहिला, आणि लिहिताना माझा हात थरथरलासुद्धा नाही.

त्या आठाबद्दल लिहायचं तर आधी मला उन्हाबद्दल लिहायला हवं, आणि माझ्या थोरल्या मुलीबद्दल.

माझं सासर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागायतदारांचं. लग्न होऊन आले त्या वर्षीच फेब्रुवारीत बेदाण्याच्या शेडवर उभी राहिले. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढायचे, म्हणजे मण्यावरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग जाळीच्या रॅकवर एकावर एक थर पसरायचे. शेडला चारी बाजूंनी नेट. वारा आत यायला हवा, ऊन मात्र मालावर पडता कामा नये. पंधरा दिवसांत माल तयार होतो, हिरवट पिवळा, पारदर्शक. नेट कुठं फाटली आणि ऊन आत शिरलं की तेवढ्या पट्ट्यातला माल तांबूस होतो, काळवंडतो. सौद्यात त्याचा भाव पडतो. गोडीत फरक नसतो, भाव मात्र रंगाचा. सासरे रोज संध्याकाळी शेडभोवती फेरी मारायचे आणि फाटलेली नेट सुतळीनं शिवायचे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते हयात नव्हते, पण ती शिवलेली नेट मला आठवली.

तीच नेट मी माझ्या थोरलीभोवती लावली होती.

थोरली सावळी, तिच्या आजोबांवर गेलेली. पायात वारं भरल्यासारखी धावायची. सातवीत शाळेच्या खो-खोच्या संघात निवडली गेली, आठवीत जिल्ह्याला खेळली. सांगलीकडच्या मैदानांवर खो-खो आणि कबड्डी काय चीज आहे हे मी कुणाला सांगायला नको. नववीच्या सुरुवातीला मी तिचं नाव काढून घेतलं. सरांना कारण सांगितलं अभ्यासाचं. घरात सांगितलं तेही अभ्यासाचं. खरं कारण हे की रोज संध्याकाळी ती मैदानावरून यायची तेव्हा मी तिचा चेहरा आणि मान बघायचे, आणि मला दिसायचं की पोरगी रापायला लागलीय. रापणे हा आपल्याकडे फक्त मुलींच्या बाबतीत काळजीचा शब्द आहे. शेतात राबून रापलेल्या पुरुषाच्या चेहऱ्याबद्दल आपण कौतुकानं बोलतो.

ती रडली नाही. तिनं बूट धुऊन माळ्यावर ठेवले. तिच्या हातात मी क्रीमची ट्यूब दिली, तीच जी १९७५ पासून या देशात आयांनी मुलींच्या हातात दिली. पुढं कुणीतरी सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणखी एक आणली, त्यात काय आहे हे वाचलं नाही. दोन महिन्यांत तिचा रंग खरंच उजळला आणि मग चेहरा लाल व्हायला लागला, ऊन लागलं की आग व्हायची. त्वचा पातळ करणारं स्टेरॉइड त्यात होतं. अशा चौदा स्टेरॉइडांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश केंद्र सरकारनं २०१८ मध्ये काढला. मी आणली तेव्हा दुकानदारानं विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आदेश नव्हता हे माझं समर्थन होऊ शकत नाही. खतांच्या पोत्यावरचं मी पूर्ण वाचते.

एका मुलीला मी उन्हापासून लपवत होते, आणि दुसरीला पुढं त्याच उन्हात बसवणार होते.

धाकटीच्या उजव्या नडगीवर २००६ मध्ये पांढरा डाग आला. ती अकरा वर्षांची होती. आधी तांदळाएवढा, मग लिंबाएवढा. सासूबाईंनी कोड हा शब्द उच्चारला आणि लगेच देवघराकडे बघून हात जोडले. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, तो कुणाला लागत नाही, शरीराचीच संरक्षण यंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून डाग पडतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी विज्ञान शिकवायचे. माहीत असूनही मी तिचे फ्रॉक बंद केले आणि घोट्यापर्यंतच्या सलवारी शिवल्या. सासूबाईंनी बावची उगाळून लावायला सुरुवात केली. मी त्यांना अडाणी म्हणाले. पुढं डॉक्टरांनी जे औषध दिलं ते सोरालेन, आणि सोरालेन बावचीच्या बियांतच असतं. त्या झाडाच्या शास्त्रीय नावातच तो शब्द आहे. सासूबाईंची मी कधी क्षमा मागितली नाही, आता त्याही नाहीत.

सोरालेन स्वतः काही रंगवत नाही. ते कातडीला उन्हासाठी हळवं करतं. मग त्या हळव्या कातडीवर उन्हातले अतिनील किरण पडले की झोपलेल्या रंगपेशी केसांच्या मुळाशी जाग्या होतात, आणि पांढऱ्या डागात तपकिरी ठिपके उगवायला लागतात. म्हणजे इथं रापवायचं असतं, पण मापानं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. लोशन तसंच लावायचं नाही, पातळ करून लावायचं. डागाच्या कडेबाहेर जाऊ द्यायचं नाही. अर्ध्या तासानं ऊन, सुरुवात एक मिनिटापासून, आठवड्यातून दोनदाच, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. दोन वेळा काही त्रास झाला नाही तरच अर्धं मिनिट वाढवायचं. फिकट गुलाबी छटा आली की तिथंच थांबायचं. ऊन झालं की साबणानं धुवायचं आणि दिवसभर तो भाग झाकून ठेवायचा. मध्ये खंड पडला तर जिथं सोडलं तिथून नाही, पुन्हा खालून सुरुवात. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. साधं उन्हानं भाजलेलं संध्याकाळपर्यंत कळतं, याचं भाजलेलं दोन-तीन दिवसांनी वर येतं. त्यामुळे आज काही दिसत नाही म्हणून उद्या वाढवू नका.

हे सगळं मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. ते पान अजून आहे. पुढं जे केलं त्याला अज्ञान म्हणता येणार नाही ते या पानामुळे.

जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत मी नियमानं केलं. सकाळी गच्चीवर चटई, तिचा एक पाय सलवारीतून गुडघ्यापर्यंत बाहेर, माझ्या हातात घड्याळ. एक, एक, दीड. मार्चमध्ये सहापर्यंत आलो. डागात तीळभर ठिपके दिसायला लागले, चार-पाच. त्या रात्री मी किती आनंदात झोपले ते मला आठवतं. मग तिची वार्षिक परीक्षा आली, माझे पेपर तपासणं आलं, आणि दीड महिना खंड पडला.

मे मध्ये थोरलीला बघायला पाहुणे येणार होते. तारीख ठरली २४ मे. मध्यस्थ बाईंनी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "धाकटीचं ते काय आहे म्हणे पायावर?" मी म्हणाले, भाजलेला जुना डाग आहे, जातोय. तिथून माझं सगळं गणित बदललं. तीन आठवड्यांत डाग भरून यावा असं मला वाटायला लागलं. डाग तीन आठवड्यांत भरत नाही हे मला माहीत होतं. पण माहिती आणि धास्ती एका घरात राहतात तेव्हा धास्तीचंच चालतं.

मी खालून सुरुवात केली नाही. सहावरून सात, सातावरून आठ. लोशनही तसंच लावलं, पातळ न करता, कारण पातळ करून वेळ जातो असं मी स्वतःला पटवलं. आणि ऊन कोणतं? जानेवारीत सांगलीचा दुपारचा सूर्य दक्षिणेकडं कलता असतो, ऊन तिरकं पडतं. मे च्या पहिल्या आठवड्यात तो नेमका डोक्यावर येतो. त्या सुमारास एक दिवस असा असतो की दुपारी सरळ उभ्या काठीची सावली पडत नाही. हा शून्य सावलीचा दिवस मी वर्गातल्या मुलांना मैदानात नेऊन, काठी रोवून दाखवलेला आहे. जानेवारीचं मिनिट आणि मे चं मिनिट सारखं नसतं. घड्याळात तेवढंच दिसतं, कातडीवर जास्त पडतं. मी ते इतरांच्या मुलांना शिकवलं आणि माझ्या मुलीच्या नडगीवर विसरले. विसरले हा शब्दही मी स्वतःला सोयीनं देतेय का, हे मला अनेकदा तपासावं लागलं आहे.

९ मे, शनिवार. सकाळचे साडेदहा झालेले, कारण आदल्या रात्री जागरण होतं. मी तिला गच्चीवर बसवलं आणि म्हणाले, "मी सांगेपर्यंत हलायचं नाही." खाली फोन वाजला. मध्यस्थ बाईंचाच होता. पत्रिका, मानपान, कोण कोण येणार. बोलता बोलता वरून हाक आली, "आई." मी ऐकली. फोनवर हात ठेवून म्हणाले, "आले, थांब." थोड्या वेळानं पुन्हा, "आई, आग होतेय गं." तीही मी ऐकली.

इथपर्यंत मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय. फोन आला, उशीर झाला, आई होते, घाई होती. ही गोष्ट मी इतक्या वेळा याच ठिकाणी थांबवली की तीच खरी वाटायला लागली. पण जिना चढताना काय झालं ते मला माहीत आहे. फोन ठेवल्यावर माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. खूप वेळ झाला होता. आणि माझ्या मनात भीतीच्या आधी एक विचार आला: बरं झालं, जास्त लागलं, आता तरी भरेल. मी जिना धावत चढले नाही.

ती तिथंच बसली होती. चौदा वर्षांची मुलगी, उठून सावलीत जाऊ शकली असती. मी सांगेपर्यंत हलायचं नाही म्हणाले होते. एकीला मी धावायचं थांबवलं आणि दुसरीला उठायचं.

त्या दिवशी काहीच दिसलं नाही. धुवायचंही राहिलं, ती तशीच सायकलवरून मैत्रिणीकडं गेली. दुसऱ्या दिवशी थोडी लाली. मी वहीत ८ लिहिला. तिसऱ्या रात्री तिनं मला उठवलं. नडगीवर अंगठ्याएवढे, पाण्यानं टच्च भरलेले फोड, गुडघ्याखालपासून घोट्याच्या वर हातभर. त्यांच्यावर चादर टेकली तरी ती कण्हत होती.

सकाळी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी वही मागितली. मी दिली. ते म्हणाले, आठ मिनिटांत इतकं होणार नाही, आणखी उन्हात गेली होती का? मी म्हणाले, "ऐकतच नाही हो. सांगितलं तरी गच्चीवर खेळत बसते." डॉक्टर तिच्याकडं वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, बाळ, असं नाही करायचं, आईचं ऐकायचं. ती स्वतःच्या पायाकडं बघत राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात धीर देण्यासाठी होता की गप्प बसवण्यासाठी, हे तिला नक्की कळलं असणार.

डॉक्टरांची त्यात काही चूक नव्हती. चुकीच्या वहीवरून त्यांना बरोबर उपचार करायचे होते. मी खोटं बोलले नसते तर कदाचित त्यांनी लोशनची मात्रा तपासली असती, ते पातळ न करता लावल्याचं त्यांना कळलं असतं. त्यांना ते कधीच कळलं नाही.

पुढं जे झालं ते पुस्तकात लिहिलेलं आहे. कोड असलेल्या कातडीला इजा झाली, भाजली, कापली, घासली, तर त्या जागीही नवा पांढरा डाग येऊ शकतो. फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि लिंबाएवढ्या डागाच्या जागी हातभर पांढरा पट्टा राहिला, कडेला काळसर किनार घेऊन. मार्चमध्ये उगवलेले ते चार-पाच ठिपके त्यात नाहीसे झाले. पाहुणे २४ तारखेला आले नाहीत. का आले नाहीत ते कळलं नाही, आणि थोरलीचं लग्न दोन वर्षांनी तिनं स्वतः निवडलेल्या मुलाशी झालं. त्यानं तिच्या रंगाबद्दल कधी काही विचारल्याचं मला माहीत नाही.

२०१० मध्ये धाकटीचा उपचार मिरजेला सुरू झाला. मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला डॉक्टर वानलेस आले तेव्हापासून. तिथं एका खोलीत कपाटाएवढी उभी पेटी होती, आत चारी बाजूंनी माणसाच्या उंचीच्या नळ्या. ३११ ते ३१३ नॅनोमीटरचे, अगदी अरुंद पट्ट्यातले किरण. सोरालेनची गरज नाही. डोळ्यांवर काळे गॉगल, दार लावायचं, सुरुवातीला काही सेकंदच. मात्रा यंत्रात भरलेली, वेळ संपली की नळ्या आपोआप विझायच्या. खाली फोन वाजला तरी तिथं काही फरक पडला नसता.

पण मला त्या यंत्रापेक्षा तिथल्या सिस्टर लक्षात राहिल्या. दर वेळी मशीन सुरू करण्याआधी त्या धाकटीला विचारायच्या, "मागच्या वेळी लाल झालं होतं का? किती वेळ राहिलं? आग झाली?" पहिल्या दिवशी उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही थांबा ताई, तिला सांगू द्या." तीन वर्षं मी तिच्या पायावर उपचार करत होते आणि हे प्रश्न मी तिला एकदाही विचारले नव्हते. मी डाग बघायचे, रंग बघायचे, आणि माझ्या वहीत माझा शेरा लिहायचे. 'खाज नाही' असं मी लिहिलं होतं. खाज येते का हे कुणाला विचारून?

दीड वर्षानं ती एके दिवशी बसमध्ये म्हणाली, आता पुरे. नडगीवर थोडा रंग आला होता, बराच नव्हता. मी काही म्हणाले नाही. माझ्या आयुष्यात काही न बोलून केलेल्या मोजक्या बऱ्या गोष्टींतली ती एक आहे. त्याच सुमारास तिनं 'नितळ' पाहिला, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००६ चा चित्रपट, अंगावर कोड असलेल्या डॉक्टर मुलीचा. पाहून झाल्यावर ती माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घातला आणि कॉलेजला गेली.

ती २०१८ मध्ये शिकायला इंग्लंडमध्ये लीड्सला गेली. नोव्हेंबरमध्ये एका रात्री फोन आला, हसत होती. "आई, इथं रस्त्यावर मिरजेचं मशीन आहे. दुकानात! लोक पैसे देऊन काळे व्हायला जातात." तिच्या घरात राहणारी मैत्रीण गोरीपान, केस तांबूस, अंगावर वांगाचे ठिपके. बहिणीचं लग्न स्पेनमध्ये होतं, त्याआधी अंगाला थोडा रंग यावा म्हणून ती त्या नळ्यांच्या पलंगावर पहिल्यांदा झोपायला जाणार होती. धाकटीला विचारत होती, तुला माहिती आहे ना यातलं, सुरुवात कशी करायची?

मग आम्ही मायलेकींनी त्या अनोळखी मुलीसाठी बसून विचार केला. धाकटी तिकडं वाचत होती आणि मला सांगत होती. त्या पलंगाच्या नळ्यांतून येतात ते मुख्यतः लांब लहरींचे अतिनील किरण, म्हणजे सोरालेनसोबत जे लागतात तेच. त्यांनी ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही, ते आखूड लहरींचं काम, तेव्हा हिवाळ्यात त्यासाठी म्हणून कुणी जात असेल तर त्याला गोळी घेणं बरं. तिथल्या सरकारचा सल्लाही थंडीच्या महिन्यांत रोज दहा मायक्रोग्रॅम घेण्याचा आहे. अठराच्या आतल्या मुलांना पलंगावर घेणं इंग्लंडमध्ये २०१० च्या कायद्यानं बंद आहे. ब्राझीलनं हे पलंग २००९ मध्येच पूर्ण बंद केले, ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांनी २०१५ पासून धंद्यासाठी बंद केले.

आणि मग तिनं वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या पलंगांना तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या यादीत घातलं ते जुलै २००९ मध्ये. माझ्या गच्चीनंतर दोन महिन्यांनी. पस्तिशीच्या आत सुरुवात करणाऱ्यांत मेलेनोमा या कातडीच्या कर्करोगाचा धोका पाऊणपट वाढलेला दिसतो असं त्या संस्थेनं एकत्र तपासलेल्या अभ्यासांत होतं. त्याच यादीत सोरालेन आणि अतिनील किरण हा उपचारही आहे, कित्येक वर्षं आधीपासून. उपचार म्हणून डॉक्टर तो तोलून मापून देतात, फायदा आणि धोका दोन पारड्यांत घालून. मी गच्चीवर ते पारडं माझ्या हातात घेतलं होतं.

धाकटीनं मैत्रिणीला सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण तिनं मला वाचून दाखवलं होतं. सुरक्षित अशी मात्रा नाही. तुझ्यासारखी कातडी, जी आधी भाजते आणि क्वचितच रापते, तिनं तर जाऊच नये. आधी थोडं रापून घेतलं की पुढच्या उन्हापासून वाचतो हा समज खोटा आहे, त्या रापण्यानं मिळणारं संरक्षण अगदी थोडं असतं, आणि रापणं हीच मुळात पेशीच्या आत इजा झाल्याची खूण असते. तरी जायचंच असेल तर गॉगल लाव, टॉवेल डोळ्यांवर टाकून चालत नाही, मिटलेल्या पापण्यांतून किरण जातात. कुठली गोळी घेतेस ते औषधवाल्याला विचारून जा, काही गोळ्या कातडी हळवी करतात. सगळ्यात कमी वेळ, आणि मध्ये दिवस सोडून. त्याच दिवशी बाहेरचं ऊन घेऊ नकोस. लाल झालं तर पुन्हा जाऊ नकोस. किंवा सरळ ते लोशन लाव जे नुसता वरच्या मेलेल्या थराला रंग देतं, किरणांशी त्याचा संबंध नाही, चार-सहा दिवसांत निघून जातं. शेवटी तिनं लिहिलं होतं, दुकानदार विचारणार नाही तुला कसं वाटतंय ते, म्हणून तूच स्वतःला विचार.

मैत्रिणीनं लोशन आणलं.

त्याच फोनमध्ये धाकटी म्हणाली, "आई, आपली ती वही आहे ना? फोटो पाठव. तिला दाखवते, एक मिनिटापासून सुरुवात म्हणजे काय असते." मी वही काढली. जानेवारीच्या दोन पानांचे फोटो काढून पाठवले. मे चं पान पाठवलं नाही. नऊ वर्षांनी, हजारो मैलांवरून, ती कसलाच जाब मागत नसताना मी दुसऱ्यांदा ते पान लपवलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा लिहायला हवं होतं, तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

मी का सांगितलं नाही हे शोधताना मला बरंच मागं जावं लागलं. शिक्षा होण्याची भीती नव्हती, मला कोण शिक्षा करणार? ती रागावेल ही भीतीही नव्हती. मला वाटतं, मी तिच्या मनात नियमानं वही ठेवणारी आई म्हणून राहू इच्छित होते. डागावर जशी सलवार शिवली तशीच मी माझ्यावरही शिवत होते. लोक काय म्हणतील याचा धाक मुलींना घालता घालता मी स्वतःच्या मुलींनाच लोक मानायला लागले होते.

२५ जून हा जगभर कोडाविषयी जागृतीचा दिवस पाळतात. २०२० मध्ये नेमक्या त्याच तारखेला, टाळेबंदीत, बातमी आली की माझ्या थोरलीला मी दिलेल्या त्या क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्द कंपनी काढून टाकतेय. त्या संध्याकाळी दोघींचे फोन आले, वेगवेगळे. थोरलीनं बातमी सांगितली, आणि म्हणाली, "आई, माझे खो-खोचे बूट माळ्यावर आहेत का अजून?" होते. मी बघून तिला सांगितलं. रबर चिकटून गेलं होतं. ती एवढंच म्हणाली, टाकू नकोस.

तिची मुलगी आता पुण्यात शाळेच्या मैदानावर असते. सुट्टीत सांगलीला आली की भर दुपारी अंगणात पळते. माझ्या तोंडात शब्द येतो. येतो हे मी लपवणार नाही. मी तिला पाण्याची बाटली आणि टोपी देते, सावलीत ये म्हणते, कारण ऊन बाधतं हे खरं आहे. पण प्रत्येक वेळी तपासावं लागतं की हे मी उन्हासाठी म्हणतेय की रंगासाठी.

गेल्या मे मध्ये धाकटी महिनाभर घरी होती. अर्ध्या चड्डीत गच्चीवर बसून चहा पीत होती, सकाळी सातला, कोवळ्या उन्हात, पायांना सनस्क्रीन लावून, कारण पांढऱ्या भागाला स्वतःचं संरक्षण नसतं. गुडघ्यापासून खाली तो पट्टा, काळसर किनार आता पुसट झालेली. मी वही घेऊन वर गेले. पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, हा आकडा खरा नाही. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. तू खेळत नव्हतीस. तू हाक मारली होतीस आणि मी ऐकली होती. जिन्यात मनात काय आलं होतं, तेही सांगितलं. ते सांगताना मला शब्द सापडत नव्हते, तरी सांगितलं.

ती बराच वेळ पान बघत राहिली. मग म्हणाली, "पेन आहे?"

मी खालून पेन आणलं. तिनं ८ खोडला, एका रेघेनं, वाचता येईल असा. शेजारी २६ लिहिलं. त्या शनिवारी गच्चीवर तिच्या हातात घड्याळ होतं, वाढदिवसाला आम्हीच दिलेलं, हे मला त्या क्षणी आठवलं. मग कोऱ्या शेऱ्याच्या रकान्यात तिनं बारीक अक्षरात लिहिलं, 'आग झाली. आईला दोनदा हाक मारली.' आणि वही मिटून माझ्या हातात दिली.